वन्सं, माझं खोटं कौतुक केलंत

वन्सं,

काल तुमचा तेरावा झाला. आचाऱ्याने लाडू बरे वळले होते, पण मठ्ठ्यात मीठ नव्हतं. तुम्ही असतात तर पहिल्या घोटालाच बोलला असतात, आणि आचाऱ्याची चारचौघांत शोभा झाली असती. काल कुणी बोललं नाही. तेराव्याला कोण बोलणार! मी मुकाट्याने मीठ घातलं आणि वाढत राहिले.

तुमच्या मेसच्या मुली आल्या होत्या. सतरा-अठरा तरी असतील. काही आत्ता जेवणाऱ्या, काही केव्हाच शिकून गेलेल्या. एक तर कडेवर बाळ घेऊन नाशिकहून आली होती. कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्यात हे मला माहीत होतं. पण मेसवालीसाठी पोरी अशा रडतात हे माहीत नव्हतं. खरं सांगते, मला हेवा वाटला.

त्यातली एक चष्मेवाली, लातूरची, माझ्यापाशी आली. "तुम्ही जुईची आई ना? काकू तुमच्याबद्दल फार सांगायच्या." म्हटलं, झालं, आता माझी धिंड. तर ती म्हणाली, "मला घरी सांगायची भीती वाटत होती. डिप्रेशन आहे म्हटलं तर पप्पा कॉलेज बंद करून घरी बसवतील असं वाटायचं. काकू म्हणाल्या, माझ्या भावजयीच्या जिभेला हाड नाही. पण पोरीचं कळलं तशी पाठीशी उभी राहिली. तुझी आईसुद्धा राहील. लाव फोन, मी शेजारी बसते."

"मग?"

"लावला. आई दुसऱ्या दिवशी एसटीने आली."

माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. मी तिला मठ्ठा वाढला. दुसरं काय करणार होते मी?

खोटं बोललात, वन्सं. जन्मभर तोंडावर खरं बोलून माणसं दुखावलीत, आणि माझ्या बाबतीत तेवढं खोटं बोललात. तेही कधी? मी तुमचं नाव घरात काढू देत नव्हते तेव्हा. मी कधी उभी राहिले पोरीच्या पाठीशी? उभ्या राहिलात तुम्ही. मी तुमच्या आड येत होते.

जुई तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज तुमच्या मेसपासून पाच मिनिटांवर, म्हणून दुपारचं जेवण आत्याकडे. आणि एक दिवस भर दुपारी तुम्ही कसब्यात आमच्या औषधांच्या दुकानात आलात. हे जेवायला वर गेले की काउंटरवर मी बसायची, ती वेळ धरून आलात. गिऱ्हाईकं जाईपर्यंत बाकावर गप्प बसलात. तुम्ही आणि गप्प! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मंगल, जुई बरी नाही."

"सकाळी तर धडधाकट गेली इथून."

"भाजीवरून भांडत नाही ती."

मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत. दुधीभोपळा दिसला की "आत्या, हे काय पाप केलंयस" म्हणून अख्खी मेस डोक्यावर घेणारी पोरगी आता पानात पडेल ते घेते, म्हणालात, आणि खातच नाही, नुसते पोळीचे तुकडे करत बसते. सगळ्या जेवून गेल्या की मग येते. मैत्रिणी हाका मारतात, जात नाही. आठवडाभर तोच निळा कुर्ता. केसांना फणी नाही. "काय गं" विचारलं की हसते, आणि हसून झालं की लगेच तोंड पाडते. "तीन आठवडे बघतेय मी. एखाद-दोन दिवस पोरी उदास होतात, ते मी रोज बघते. हे तसलं नाही. डॉक्टरकडे नेऊ या. मनाच्या डॉक्टरकडे."

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असणारच. "वन्सं, लाड जरा जास्त झालेत, एवढाच तिचा आजार. आमच्या वेळी धुणंभांडी करताना उदास व्हायला सवड नव्हती बाई कुणाला."

घरी माझं काय चाललं होतं ते तुम्हाला कुठे माहीत होतं! सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा वाजले तरी ती अंथरुणात, आणि मी दारात उभी राहून, "उठल्या का राणीसरकार? चहा आत पाठवू, की आधी चौघडा वाजवू?" आंघोळीला गेली की तासभर आत, पाण्याचा आवाज नाही. मी बाहेरून, "बुडालीस का गं बादलीत?" मार्क घसरले तेव्हा, "मोबाइलमध्ये पदवी देतात का ते बघ, त्यात तरी पहिली येशील." आपल्या घरात माया अशीच करतात. सासूबाईंपासूनची रीत. एकाने टोमणा मारायचा, दुसऱ्याने त्याहून खणखणीत परतवायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायला बसायचं. जुई सहा वर्षांची असल्यापासून परतवायची. त्या वर्षी तिने परतवणं सोडलं. आणि मला वाटलं, चला, पोरीला जरा वळण लागलं.

उठता उठता तुम्ही ती दुसरी गोष्ट सांगितलीत. "मी एकदा चुकलेय, मंगल. बऱ्याच वर्षांपूर्वी. कऱ्हाडकडची होती. रोज ताट भरलेलं परत जायचं, आणि मी तिला अन्न टाकतेस म्हणून झापायची. मग एक दिवस तिने जीव दिला, आणि तिचे वडील तिची ट्रंक न्यायला आले. माझ्या पाया पडले. म्हणाले, माझ्या लेकीला जेवू घातलंत. माझ्या पाया पडले गं ते!" पदराने तोंड पुसलंत आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात म्हणालात, "तू येतेस तर ये. नाहीतर मी नेते."

तुम्ही नेलंत. मी दुकानाचं कारण सांगितलं.

संध्याकाळी तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवलंत. जुई डॉक्टरांशी तासभर बोलली होती. कशात लक्ष लागत नाही, झोप उडते किंवा संपतच नाही, आपण सगळ्यांना भार झालोय, आणि जगायचं कशासाठी, असं दोन महिने डोक्यात येतंय. तुम्ही शब्द न गाळता सांगितलंत. तिला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस तिला घेऊन जायचं, वाटेल ते बोलली तरी घाबरून गप्प करायचं नाही. तुमचा भाऊ लहान मुलासारखा रडायला लागला. मी उठले आणि कुकर लावला. दोन माणसं रडत असताना, पोर आत पडलेली असताना, मी वरणभाताचा कुकर लावला, वन्सं. मला अजून त्याच्या शिट्ट्या ऐकू येतात.

आणि मग गोळ्या! हसायचं की रडायचं सांगा. आमच्या दुकानात ती गोळी तिसऱ्या फळीवर होती. निम्म्या पेठेला आम्ही ती द्यायचो, वर मानभावीपणाने "जेवणानंतर घ्या हो" सांगायचो. पण जुईची गोळी आमच्या दुकानातून घ्यायची नाही, असा हुकूम मी काढला. का, तर चुलत दीर दुकानात बसतात, आणि त्यांना कळलं म्हणजे कसब्याला कळलं. मग औषधांच्या दुकानदाराच्या पोरीची औषधं तुम्ही कर्वेनगरहून आणायचात, दर महिन्याला, मेथीच्या जुडीखाली लपवून. घरात मी ती थायरॉईडच्या डबीत ओतायची. पहिल्यांदा ते बघून तुम्ही म्हणालात, "मंगल, तुला बक्षीस द्यायला पाहिजे. मिठाईवाल्याने साखर चोरून आणावी तसं चाललंय हे." आणि तरी आणत राहिलात. मला चिडवत, पण आणत राहिलात.

दोन-तीन आठवडे काहीच फरक नव्हता. मी म्हणाले, बघा, सांगत होते. तुम्ही म्हणालात, थांब. दर गुरुवारी तुम्ही तिला समुपदेशनाला घेऊन जायचात, मेसच्या संध्याकाळच्या पोळ्या दुसरीवर टाकून. मधेच एकदा सगळं परत ढासळलं, तेव्हा डॉक्टरांना फोन तुम्ही केलात. चार-पाच महिन्यांनी एका दुपारी जुईने माझ्या आमटीला नाव ठेवलं. "आई, ही आमटी आहे की रंगपंचमी?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते मात्र तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

आणि मग मी काय करावं? "बरी झाली ना आता? मग कशाला ती विषं पोटात?" म्हणून डबी उचलून कपाटावर टाकली. तुम्ही दाणदाण जिना चढून आलात. "मंगल, बीपीच्या गोळ्या गिऱ्हाईकाने आपल्या मनाने बंद केल्या तर काउंटरवरून खेकसतेस ना त्याच्यावर? मग ही काय तुझी प्रजा आहे? डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तशा बंद व्हायच्या." स्टूल घेऊन तुम्ही स्वतः डबी काढलीत. तुमचे गुडघे दुखायचे तेव्हा. मी खाली उभी राहून स्टूलसुद्धा धरलं नाही.

जुई सावरली. एक वर्ष गेलं, पण शिकली, नोकरीला लागली, डॉक्टरांनीच सावकाश गोळ्या बंद केल्या. माझी पोर आज आहे ती तुमच्यामुळे आहे. हे वाक्य मला किती सोपं आहे लिहायला! बोलायला पाच वर्षं होती माझ्याकडे.

त्याऐवजी मी काय बोलले?

ते सदाशिव पेठेतलं स्थळ. मुलगा चांगला, माणसं चांगली, जुईलाही आवडलेला. कॉलेजचं एक वर्ष का गेलं, असं त्याच्या आईने सहज विचारलं. मी म्हटलं, "कावीळ झाली होती हो, चांगलीच." माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. पोह्यांची बशी खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "कावीळ नाही. डिप्रेशन होतं. औषधं घेतली, बरी झाली. पुढेमागे परत वाटलं तर काय करायचं, हे तिला आता कळतं. तुमच्या घरात किती जणांना कळतं?" ती माणसं चहा घेऊन गेली. दोन दिवसांनी "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला. पत्रिका त्यांनी मागितलीही नव्हती.

त्याच संध्याकाळी, तुमच्या भावासमोर, मी तुम्हाला म्हणाले, "स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं करायचं का?"

तुम्ही पर्स उचललीत. चपला घालताना म्हणालात, "पोहे चांगले झाले होते." आणि गेलात. चौदा महिने परत जिना चढला नाहीत. भाऊबीजेला हे तुमच्याकडे आले, मी नाही आले. ओवाळणीचं तबक घेऊन तुम्ही दाराकडे बघत होतात म्हणे. मी ते ऐकूनसुद्धा म्हटलं होतं, "बघू देत."

मग गेल्या महिन्यात फोन आला की कणीक मळता मळता तुम्ही खाली बसलात. हृदयाचं होतं. दोन दिवस दवाखान्यात होतात. जुई तिथेच होती, हे तिथेच होते. मी आले नाही. मी हिशेब केला होता की परवा घरी सोडतील, तेव्हा मऊ भाताचा डबा घेऊन जायचं. डबा हातात असला की बोलावं लागत नाही. "भात आणलाय" एवढं म्हटलं की आपल्यात माफी झाली असती. तुम्हीही "मीठ कमी आहे" म्हणाला असतात आणि विषय मिटला असता. मी तांदूळही निवडून ठेवले होते. तुम्ही परवापर्यंत थांबला नाहीत.

हे सगळं मी जुईला काल सांगत होते. तेराव्याची माणसं पांगली होती, दिवेलागण झाली होती, ती भांडी विसळत होती आणि मी पुसत होते. लातूरच्या मुलीचं सांगितलं. स्थळाचं बोललेही. म्हटलं, मी तेव्हा फार वाईट बोलले गं त्यांना, पण त्यांनीही तुला न विचारता चारचौघांत सांगायला नको होतं.

जुईने नळ बंद केला. "आई, मी सांगितलं होतं आत्याला. आदल्या दिवशी. म्हटलं, मला हे लपवून लग्न करायचं नाही, पण मी बोलायला लागले की आई मध्ये पडेल. तू सांग. ती म्हणाली, बरं."

"मग त्या मला म्हणाल्या का नाहीत तसं? मी इतकं बोलले!"

"मी दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, मी सांगते आईला. ती नको म्हणाली. तुझ्यावर चिडण्यापेक्षा माझ्यावर चिडू दे, तू त्या घरात राहतेस, मी नाही."

मी खालीच बसले, वन्सं. ओट्याला पाठ लावून. आणि मग ते बोलले, जे मी कुणालाच बोलले नव्हते. तुमच्या भावाला नाही, देवासमोर नाही.

तुम्ही दुकानात आलात त्याच्या दोनेक महिने आधीची गोष्ट. दिवाळीचं चाललं होतं, मी चकल्या पाडत होते. जुई येऊन ओट्याला टेकली आणि म्हणाली, "आई, मला हल्ली काही वाटतच नाही गं. चांगलं नाही, वाईट नाही. काहीच नाही." पुण्यात कुणी किल्ल्या विसरला, दूध उतू जाऊ दिलं, तरी आपण काय म्हणतो? येरवड्याला पाठवा! तिकडे वेड्यांचं इस्पितळ, म्हणून आपला ठरलेला विनोद. मी सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाले, "मग येरवड्याला खोली बघू का? हवाही चांगली आहे तिकडे." ती हसली. मी हसले. ती वळली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. दिसला, वन्सं. आणि मी पुढची चकली पाडली.

म्हणजे तुम्ही बाकावर बसून जे सांगितलंत ते मला नवीन नव्हतं. तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, "आईला नाही कळत पटकन, जवळून दिसत नाही." मला दिसलं होतं. तुमच्यावर मी एवढी चिडले ती तुम्ही खोटं बोलत होतात म्हणून नाही. तुम्हालाही दिसलं होतं म्हणून.

जुईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, तू मला सांगायला आली होतीस आणि मी तुला हसण्यावारी घालवलं. इतकी वर्षं तो एक दिवस मी पोटात घेऊन बसलेय.

ती हात पुसून माझ्याशेजारी फरशीवर बसली. मग विचारलंन, "कुठला दिवस? चकल्यांचा?"

"हो."

"आई, ते तिसऱ्यांदा होतं."

मला एकच आठवत होता, वन्सं. बाकीचे दोन माझ्या गावीही नाहीत. मी काय करत होते, तिला काय म्हणाले, ती हसली की नाही, काही काही आठवत नाही. एका दिवसाची शिक्षा भोगत बसले आणि स्वतःला फार प्रामाणिक समजत होते.

माझ्या जिभेवर काहीतरी आलं. सवयच ती. काहीतरी चटपटीत, म्हणजे ती हसेल आणि आम्ही दोघी उठून भांडी पुसायला लागू. मी ते गिळलं. म्हटलं, "पहिल्यापासून सांग."

ती सांगत होती. बाहेर ह्यांनी दोनदा चहाचं विचारलं, मी उठले नाही. पाऊण तास बोलली ती, वन्सं, आणि मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.